‘गो’चे ‘वेन्ट’ कसे झाले?

इंग्रजीच्या तासाला हमखास घडणारा एक प्रसंग सांगतो. मास्तर विचारतात, “‘गो’चा भूतकाळ काय?” पोरगं ताडकन उठून सांगतं, “गोड!” वर्ग खो खो हसतो, मास्तर डोळे वटारतात. पण मंडळी, त्या पोराचं चुकलं कुठं? ‘वॉक’चे ‘वॉक्ड’, ‘प्ले’चे ‘प्लेड’ हा नियम आपणच शिकवला. त्यानं तो इमानानं चालवला.

मग ‘वेन्ट’ आले कुठून? त्याची हकीकत जुनी आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत भूतकाळ करण्याच्या दोन तऱ्हा नांदत होत्या. एकीत शब्दाच्या पोटातला स्वर बदले: ‘सिंग’चे ‘सँग’, ‘ड्रिंक’चे ‘ड्रँक’. दुसरीत शेवटी ‘ड’चे शेपूट लागे. जर्मन पंडित याकोब ग्रिम याने पहिलीला बलवान आणि दुसरीला दुर्बळ असे नाव दिले. गंमत अशी, की पुढे दुर्बळांचीच सरशी झाली! १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर फ्रेंच शब्दांचा लोंढा आला आणि त्यातल्या बहुतेक क्रियापदांनी हे सोपे शेपूटच पत्करले. जुनी क्रियापदेही एकेक करून तिकडे गेली. ‘हेल्प’चे ‘होल्प’ होते, ते ‘हेल्प्ड’ झाले. २००७ साली हार्वर्डच्या संशोधकांनी जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदे तपासली. त्यांपैकी आज ९८च अनियमित उरली आहेत. जी रोज तोंडात असतात ती टिकली, क्वचित लागणारी नियमाला शरण गेली. वापरातले भांडे गंजत नाही, तसेच हे.

‘गो’चा जुना भूतकाळ मात्र पार लोपला. त्याच्या जागी ‘वेन्ड’, म्हणजे वाट धरणे, या शेजारच्या क्रियापदाचे ‘वेन्ट’ येऊन बसले. स्कॉटलंडच्या बोलीने मात्र आपल्या ‘गे’ला शेपूट जोडून ‘गेड’ केले. म्हणजे आपल्या पोराचीच युक्ती!

आणि आपण तरी काय करतो? ‘जातो’ म्हणतो, पण ‘जाला’ म्हणत नाही, ‘गेला’ म्हणतो. ‘जाणे’ हे संस्कृत ‘या’ धातूपासून आले, तर ‘गेला’ हे ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपापासून. दोन घरची माणसे एका चुलीवर जेवतात. ‘करणे’चे ‘केले’, ‘मरणे’चे ‘मेला’ आपण कधी घोकले होते का? रोजच्या बोलण्यातून ती आपसूक आली.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, उद्या कुणी ‘गोड’ म्हणाले तर छडीकडे हात नेऊ नका. “नियम बरोबर लावलास, पण हा शब्द त्या नियमाने चालत नाही,” असे सांगा. ‘सिंग-सँग’, ‘रिंग-रँग’ अशा जोड्या एकत्र म्हणवून घ्या आणि रोजच्या वाक्यांत वापरू द्या. हसे झालेले पोर पुन्हा तोंड उघडत नाही, आणि तोंड न उघडता भाषा काही येत नाही.