सोल ते न्यूयॉर्क : एका राब्बायची वाट

राब्बाय अँजेला बुखडाल यांचा जन्म १९७२ साली दक्षिण कोरियातील सोल शहरात झाला. आई कोरियन बौद्ध, वडील अमेरिकन यहुदी. पाचव्या वर्षी त्या कुटुंबासह अमेरिकेतील टॅकोमा शहरी आल्या आणि तिथल्या सिनेगॉगमध्ये लहानाच्या मोठ्या झाल्या.

सोळाव्या वर्षी त्या प्रथम इस्राएलला आल्या, तेव्हा आई यहुदी नाही म्हणून त्यांच्या यहुदीपणावरच बोट ठेवले गेले. पुढे विद्यार्थीदशेत, इथल्याच एका उन्हाळ्यानंतर, खचून त्यांनी आईला कळवले की आता मला यहुदी राहायचे नाही. आईने एवढेच विचारले, ते शक्य आहे का? त्या प्रश्नातच त्यांना उत्तर मिळाले. २१व्या वर्षी मिकवेत उतरून त्यांनी गियूर केला.

१९९९ साली त्या हजान झाल्या, २००१ साली राब्बाय. दोन्ही पदांवर अमेरिकेतील आशियाई वंशाच्या त्या पहिल्याच. २०१४ पासून त्या न्यूयॉर्कच्या सेंट्रल सिनेगॉगच्या मुख्य राब्बाय आहेत.

हे सिनेगॉग रिफॉर्म पंथाचे. स्त्रीने तेबावर उभे राहणे आपल्यापैकी अनेकांना पटणार नाही. पण १९६२ साली लग्नासाठी आपल्याही वंशावळी तपासण्याचा आदेश मुख्य राब्बायांकडून निघाला होता. आपले लोक यरुशलेममध्ये धरणे धरून बसले, तेव्हा १९६४ साली त्यातून बेने इस्राएलांचे नाव वगळले गेले. त्यांची वाट वेगळी, आपली वेगळी, पण "तुम्ही यहुदी कसे?" हा प्रश्न किती खोल लागतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.