वजनाचा काटा आणि विवेकाचा तराजू

एकोणिसाव्या शतकात खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची एक मोठी बाजारपेठ म्हणून नावारूपाला आली. जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा स्वतंत्र फाटा १८७० मध्ये सुरू झाला, तो या कापसासाठीच. कापसाच्या व्यवहारातील एक शहाणपण या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नुसता काटा पाहून मालाची पारख होत नाही. ओल किती, सरकी किती, धागा कसा, हे न पाहता जो केवळ वजनावर सौदा करतो, तो फसतो. वजन घटविणाऱ्या औषधांचा जो इतिहास आम्ही येथे मांडणार आहोत, तो बहुतांशी हे शहाणपण विसरल्याचा इतिहास आहे.

अमरावती धर्मप्रांतात मोडणाऱ्या आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हा विषय काढणे कोणाला विचित्र वाटेल. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी वऱ्हाड होरपळून निघाला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे खडी फोडावयास गेली आणि सुकडी व मिलो यांवर तगली. अंगावर मांस दिसणे म्हणजे घरात सुबत्ता असणे, ही समजूत अशाच अनुभवांतून घडली. त्या मुलखात आज वजन उतरविण्याचे इंजेक्शन घ्यावे की न घ्यावे, असा प्रश्न कुटुंबे विचारू लागली आहेत. परंतु उपासमारीचा इतिहास आणि आजचा मधुमेह या दोहोंत नाते आहे आणि ते उलगडण्याचे श्रेय बऱ्याच अंशी महाराष्ट्रातीलच एका संशोधकाकडे जाते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतील मातांचा व बालकांचा अभ्यास आरंभिला. या बालकांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होते. इंग्लंडमधील बालकांच्या तुलनेत ती बरीच हलकी होती. मात्र उणीव स्नायूंत अधिक होती, त्वचेखालील चरबीत ती तेवढी नव्हती. बाळ दिसावयास कृश, पण आतून मेदयुक्त! गर्भातील अपुऱ्या पोषणाशी जुळवून घेतलेले असे शरीर पुढे भरपूर अन्न मिळू लागले की मधुमेहाकडे लवकर झुकते, असा या विचारधारेचा आशय आहे. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचे व ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. काटा दोघांविषयी एकच बोलत होता, आणि तो निम्मेच सत्य सांगत होता. भारतीयांसाठी हा निर्देशांक २३ वर गेला की अतिरिक्त वजन आणि २५ वर गेला की स्थूलता, असे निकष आपल्या तज्ज्ञांनी ठरविले, त्याचे कारण हेच.

आता औषधांकडे वळू. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल या रसायनाशी संबंध येणारे कामगार झिजू लागले, तापाने फणफणू लागले. काही दगावलेही. १९३३ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी तेच रसायन वजन घटविण्यासाठी वापरले. वजन घटले आणि मागणी उसळली. लवकरच मोतीबिंदूचे व मृत्यूंचे वृत्त येऊ लागले. १९३८ च्या कायद्यानंतर ते माणसांस देण्यास अयोग्य ठरले. पुढे भूक मारणाऱ्या अँफेटामिनच्या गोळ्या आल्या, त्यांनी व्यसन लावले. फेनफ्लुरामिन व फेंटरमिन यांच्या जोडगोळीने १९९० च्या दशकात अमेरिकेला मोहिनी घातली. जुलै १९९७ मध्ये २४ स्त्रियांच्या हृदयाच्या झडपांत दोष आढळल्याचे जाहीर झाले आणि सप्टेंबरमध्ये फेनफ्लुरामिन मागे घ्यावे लागले. रिमोनाबांटने भूक कमी केली, पण मनाला नैराश्याने ग्रासले. भारताने २००९ मध्ये त्यावर बंदी घातली. हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढविणाऱ्या सिबुट्रामिनवर २०११ मध्ये बंदी आली.

या सर्व औषधांचा क्रम एकच होता. प्रथम काटा खाली आला, मग जाहिरात झाली, आणि शरीराने मोजलेली किंमत सर्वांत शेवटी कळली.

आजची औषधे या मालिकेतली पुढची कडी आहेत काय? प्रामाणिक उत्तर असे की, ती निराळ्या वाटेने आली आहेत. अन्न पोटात गेल्यावर आतड्यांतून पाझरणारे जीएलपी-१ नामक संप्रेरक इन्सुलिनला चालना देते आणि मेंदूला तृप्तीचा निरोप पोहोचविते. त्याचे अनुकरण करणारी औषधे प्रथम मधुमेहासाठी घडली. यांपैकी पहिले, २००५ मध्ये मान्यता मिळालेले, एका विषारी सरड्याच्या लाळेतील द्रव्यावरून सुचले होते. सेमाग्लुटाइडच्या २०२१ मधील चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी सुमारे १५ टक्के घटले. २०२३ मध्ये १७ हजारांहून अधिक हृदयरुग्णांच्या चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी आढळले. पूर्वीच्या कोणत्याही औषधाजवळ असा पुरावा नव्हता. येथे प्रथमच केवळ काटा नव्हे, तर आयुष्य मोजले गेले. हा लाभ नाकारणे अन्यायाचे ठरेल.

दुसरे पारडेही रिकामे नाही. मळमळ, उलट्या, जुलाब किंवा बद्धकोष्ठ हे त्रास नेहमीचे आहेत. पित्ताशयातील खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाचा दाह होतो. थायरॉइडच्या एका विशिष्ट कर्करोगाचा कुलवृत्तांत असणाऱ्यांनी ही औषधे घेऊ नयेत. घटलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूंचाही वाटा असतो. ज्या समाजाची बालकेच स्नायूंची उणीव घेऊन जन्मतात, त्याने या गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. शिवाय औषध थांबविल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचे दिसले आहे. म्हणजे हा रक्तदाबाच्या गोळीसारखा दीर्घकाळचा संसार होय. टिरझेपाटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले, तेव्हा आठवड्याच्या एका कुपीची किंमत मात्रेनुसार ३,५०० ते ४,३७५ रुपये होती. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. पेटंट सरले की देशी कंपन्या तेच औषध स्वस्तात करू शकतात. स्वस्ताई गरजू मधुमेहींना वरदान ठरेल. परंतु ज्यांना गरज नाही त्यांच्या हातीही तेच औषध सहज पडेल.

आम्हांस खरी चिंता वाटते ती लग्न ठरलेल्या मुलींची. मुलीने लग्नापूर्वी सडपातळ व्हावे, हा धाक आपल्या घरांतही आहे. सेमाग्लुटाइड गरोदरपणात घ्यावयाचे नसते आणि गर्भधारणेपूर्वी किमान दोन महिने ते थांबवावे लागते. जिने निरोगी असता केवळ छायाचित्रासाठी अन्न तोडले, ती त्याच अशक्त अंगाने मातृत्वात पाऊल टाकील. दुष्काळाने मातांच्या गर्भांवर जे लादले, ते आपण हौसेने ओढवून घ्यावे काय?

मात्रेचा धडा आमच्या जिल्ह्याला अलीकडेच मिळाला. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. अडीचशेहून अधिक लोकांना ही बाधा झाली. रुग्णांच्या शरीरात सेलेनियम वाढल्याचे आढळले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध रेशनवरील गव्हाशी जोडला. सेलेनियम शरीराला अत्यल्प प्रमाणात आवश्यकच असते. अधिक झाले की तेच विष होते. औषधालाही हाच न्याय लागू आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे मार्ग दाखविते. १९९२ मध्ये प्रसृत झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात आरोग्य ही देवाची मौल्यवान देणगी मानली आहे, तरी शरीराची पूजा करण्यापासून सावध केले आहे. संयमाविषयी सांगताना तेथे अन्न, मद्य, तंबाखू यांच्या अतिरेकासोबत औषधाचाही अतिरेक एकाच ओळीत निषिद्ध मानला आहे. मात्र स्थूल माणसाला खादाडपणाचे पाप चिकटविणाऱ्यांनी याज्ञिकांचे निष्कर्ष आठवावेत; त्याच्या देहाची घडण आईच्या उदरातच सुरू झालेली असते. प्रायश्चित्तकाळातील उपास आणि औषधाने आलेली भूकबंदी यांतही गल्लत करू नये. उपास ही प्रार्थना आहे, औषध हा उपचार आहे. उपचार घेणाऱ्याची श्रद्धा त्यामुळे उणी ठरत नाही.

म्हणून निर्णयापूर्वी कुटुंबाने डॉक्टरांना सरळ प्रश्न विचारावेत. हे औषध कोणत्या रोगासाठी? रक्तशर्करा, रक्तदाब, कंबरेचा घेर, हृदय यांची तपासणी झाली काय? इतर गोळ्यांशी, विशेषतः इन्सुलिनशी, त्याचा मेळ कसा बसेल? आहारात डाळी, कडधान्ये, दूध, अंडी किती असावीत आणि स्नायू टिकविण्यासाठी व्यायाम कोणता? किती काळ घ्यावयाचे, आणि खर्च झेपला नाही तर पुढे काय? ज्याला मधुमेह किंवा हृदयविकार जडला आहे, त्याने भीतीपोटी लाभ सोडू नये; ज्याला केवळ आरसा सतावीत आहे, त्याने मोहापोटी धोका पत्करू नये. काट्यावरचा आकडा हा पुराव्यांपैकी एक पुरावा आहे. निवाडा त्याच्या एकट्याच्या साक्षीवर होऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.