आजीची सुई आणि उंदराचं हाड

दोन वर्षांपूर्वी आजी न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर फ्रिजमध्ये लिंबांशेजारी एक इंजेक्शनचं पेन येऊन बसलं. रोज रात्री तिच्या पोटावर सुई टोचायचं काम माझं. औषधाचं नाव टेरिपॅराटाइड.

त्याच्याबद्दल वाचलं आणि मी चक्रावलेच. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जे हार्मोन सोडतात, त्याचाच हा तुकडा. ८४ अमिनो आम्लांपैकी पहिली ३४. आणि ते हार्मोन तर रक्तातलं कॅल्शियम घटलं की हाडांतून काढून आणतं! म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या?

उत्तर शोधत मी १९३२ सालात पोचले. हान्स सेली, जो पुढे ‘स्ट्रेस’वरच्या संशोधनामुळे जगभर गाजला, त्याने रॅट जातीच्या मोठ्या उंदरांना पॅराथायरॉइडचा अर्क थोड्या मात्रेत टोचला. हाड झिजण्याऐवजी नवं हाड बनलं. त्या निरीक्षणापासून अमेरिकेत या औषधाला मंजुरी मिळेपर्यंत, म्हणजे २००२पर्यंत, ७० वर्षं गेली.

खरी मेख वेळेत आहे. हार्मोनची पातळी सतत चढलेली राहिली तर हाड झिजतं. रोज एकदाच, थोडा वेळ चढून उतरली तर हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात.

हे कसं घडतं, याचा एक धागा दक्षिण आफ्रिकेतून आला. तिथल्या काही आफ्रिकानर कुटुंबांत हाडं अतिशय दाट आणि जड होतात, सहसा मोडत नाहीत. हे वरदान मात्र नव्हे: कवटी जाड होऊन नसा दाबल्या जातात, ऐकू येईनासं होतं, चेहरा लुळा पडतो. २००१ साली त्यामागचं जनुक सापडलं. ते ज्या प्रथिनाचं, त्याचं नाव स्क्लेरोस्टिन. हाडात गाडलेल्या पेशी ते सोडतात आणि ते हाड बांधायच्या ‘डब्ल्यूएनटी’ संदेशाला ब्रेक लावतं.

पुढचं काम छोट्या उंदरांनी केलं. २००५मध्ये त्यांच्यात दिसलं, की पॅराथायरॉइड हार्मोन हा ब्रेक सैल करतं. २००८मध्ये हे जनुकच काढून टाकलेल्या उंदरांची हाडं भरगच्च, मजबूत निघाली. स्क्लेरोस्टिनला अडवणारं औषध २०१९मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

या शोधांमागे पिंजऱ्यातले किती जीव गेले, हा विचार सुई टोचताना येतोच. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटून बायकांची हाडं का झिजतात, हे कळावं म्हणून उंदरांच्या माद्यांची अंडाशयं काढली जातात. आजीचं दुखणं आधी त्यांनी सोसलंय.

एका रात्री मी हे सगळं आजीला सांगितलं. आयुष्यभर स्वयंपाकघरात उंदरांसाठी सापळा लावत आलेली बाई ती. ऐकून म्हणाली, “मेल्यांनी माझं धान्य खाल्लं ते फेडतायत म्हणायचं.”

मग थोडं थांबून, पोटावरची साडी सारत म्हणाली, “पण गं, फारच जास्त फेडलं की.”