पागडी, डिपॉझिट आणि पावती

शाळांना सुट्ट्या लागल्या, की दोह्यात घरं बदलायची धांदल सुरू होते. आणि मग फोनवर हमखास प्रश्न, "डिपॉझिट मिळालं का हो परत?" आज त्याच पैशाची जुनी गोष्ट.

आपल्या मुंबईत आधी होती पागडी. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी बांधून टाकली आणि पागडी घेणं गुन्हा ठरवलं. पण पागडी थांबली नाही, फक्त पावती गेली! हजारोंची रक्कम हातोहात फिरायची. वाद झाला तर स्मॉल कॉजेस कोर्टात दाखवायचं काय? पुढे ३१ मार्च २०००पासून नवा कायदा लागू झाला. पागडीला मान्यता मिळाली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी मालकानेच करायची, असं ठरलं. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम मालकाचं.

आता कतार. १९६६पर्यंत इथेही रिझर्व्ह बँकेने काढलेला रुपयाच चालायचा, तेव्हा भाडंही रुपयातच! भाड्याचा कायदा आला १९७५ साली. पुढे गॅसच्या पैशाने शहर फुगलं, भाडी भडकली आणि २००८ साली चार क्रमांकाचा नवा कायदा आला. नोंदणीची जबाबदारी इथेही मालकावरच टाकली आणि वादांसाठी न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली भाडे तंटा समिती नेमली. मुंबईला जे उमगायला पन्नास वर्षं लागली, तेच हे.

आमचा पहिला फ्लॅट सोडताना रंगकामाच्या नावाखाली अर्धं डिपॉझिट कापलं गेलं. भिंती आधीपासूनच पोपडे धरलेल्या, पण फोटो कोणी काढले होते? करार नोंदवलाय का, हेही विचारलं नव्हतं. भांडायला गेलो ते नुसत्या तोंडाने. परत आलो तसेच.

दुसऱ्या घराच्या वेळी सौ.नी किल्ली हातात घेण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढून मालकाला पाठवले आणि नोंदणीची प्रत मागून घेतली. सोडताना कहरामाचं शेवटचं बिल भरलं, किल्ली परत दिल्याची सही घेतली. आठवड्याभरात पूर्ण रक्कम आली. मालक तसा पहिल्यापेक्षा खडूसच होता!