वीतभर मातीचे छप्पर

कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे निघालो, तर शंभर किलोमीटरच्या आत पाऊस दहापटीने उतरतो. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक, शिरोळकडे पाचशेच्या आसपास. जुनी छपरेही त्याप्रमाणे बदलत. पश्चिमेला उतरती, गवताची किंवा खापरी कौलांची. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला आणि पुढे मंगलोरी कौले पसरली. कमी पावसाच्या पूर्वेकडे, आणि पुढे सांगली-सोलापूरकडे, सपाट माळवदे.

माळवद म्हणजे तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडी पाट आणि त्यावर चोपून बसवलेली वीतभर पांढरी माती. माझ्या आजोळी असे घर होते. एप्रिलच्या दुपारी माजघर गार असे, पण रात्री जेवणे झाली की सगळे अंथरुणे घेऊन माळवदावर जात. ही केवळ हौस असे मला वाटे.

खरे कारण जोसेफ फूरिए या फ्रेंच गणितज्ञाच्या १८२२ मधील ग्रंथात आहे. दिवस-रात्रीच्या तापमानाची लाट जमिनीत शिरताना क्षीण होते आणि उशिराही पोचते, हे त्याने गणिताने दाखवले. मातीचे सर्वसाधारण गुणधर्म धरून हिशेब केला, तर २२ सेंटिमीटर मातीतून जायला या लाटेला सुमारे सात तास लागतात आणि तिचा चढउतार सहाव्या-सातव्या हिश्श्यावर येतो. दुपारी दोनचे ऊन घरात पोचते रात्री नऊला, तेव्हा माणसे वर आभाळाखाली! १२ सेंटिमीटरच्या काँक्रीट स्लॅबमधून तीच लाट तीन तासांत उतरते, आणि तिचा जोरही निम्म्याच्या जवळ शिल्लक असतो.

उशीर ही एक गोष्ट, अडवणूक दुसरी. थराची जाडी (मीटरमध्ये) भागिले त्याची उष्णतावाहकता, म्हणजे त्या थराचा विरोध. माती ०.२२ ÷ ०.६ = ०.३७, अडीच सेंटिमीटर लाकूड ०.१८, दोन्ही पृष्ठभागांना लागून असलेल्या हवेचा सुमारे ०.२. बेरीज ०.७५. तिचा व्यस्त १.३, म्हणजे आत-बाहेर एक अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरमधून १.३ वॅट उष्णता जाते. नुसत्या स्लॅबसाठी हाच आकडा ३.६ येतो. वर्गात मुलांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.

मग माळवदे गेली का? एक तर ती गळत. दर वर्षी मृगाआधी नवी माती घालावी लागे आणि जुनी कोणी काढत नसे. थर वाढत कुठे कुठे दोन फुटांवर गेला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती ढासळल्या, वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यानंतर माळवदाचे नुसते गुणगान माझ्याने होत नाही. स्लॅब लोकांनी खुळेपणाने स्वीकारला, असे म्हणणे अन्यायाचे आहे.

पण स्लॅबबरोबर पंखा, कूलर आणि विजेचे बिलही आले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर थंड देशांनी इमारतींना उष्णतारोधक थर देण्याचे नियम कडक केले. आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, मोठ्या व्यापारी इमारतींसाठीची संहिता २००७ ची. घरांसाठीची ‘इको निवास संहिता’ २०१८ साली आली. तिने छपरासाठी घातलेली मर्यादा आहे १.२. आजोळचे माळवद ती थोडक्यात चुकते. उघडा स्लॅब तिच्या तिप्पट.

स्लॅबवर चार सेंटिमीटर थर्मोकोल घालून वर कोबा केला, तर आकडा ०.७ पर्यंत उतरतो. मातीचा थर चौरस मीटरला साडेतीनशे किलो भरे. हा थर्मोकोल एक किलोही भरत नाही. अडवण्याचे काम त्यातली कोंडलेली हवा करते.

कोल्हापुरात गच्चीवर पत्र्याची शेड घालतात ती पावसासाठी. पण ऊन आधी पत्र्यावर पडते, मधून वारा वाहतो आणि स्लॅब सावलीत राहतो. तुमच्या शाळेच्या निम्म्याच गच्चीवर अशी शेड असेल, तर दोन्ही भागांखालच्या वर्गांत एकेक तापमापी टांगा. मार्चमध्ये आठवडाभर दर तासाला नोंदी घ्या, आणि दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा.