नदी सुरय
नदी सुरय (शास्त्रीय नाव: स्टर्ना ऑरँशिया) हा कुरव कुलातील मध्यम आकाराचा पाणपक्षी आहे. सुरय म्हटले की समुद्रकिनारा आठवतो. याच प्रजातीचा उत्तरेकडील भाऊबंद असलेला आर्क्टिक सुरय तर दरवर्षी उत्तर ध्रुवाकडून अंटार्क्टिकापर्यंत जातो. नदी सुरय मात्र गोड्या पाण्याचा रहिवासी असून दूरवर स्थलांतर करीत नाही. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले.

वर्णन

लांबी सुमारे ३८ ते ४६ सेंमी. वरील अंग राखाडी, खालील फिकट. चोच पिवळीधमक, पाय तांबडे, शेपटी खोल दुभागलेली. विणीच्या काळात डोक्यावर काळी टोपी असते. हिवाळ्यात ती विरते व चोचीचे टोक काळपट होते. नर व मादी सारखेच दिसतात.

आढळ

भारतीय उपखंडापासून आग्नेय आशियापर्यंत. महाराष्ट्रात जायकवाडी, उजनी यांसारख्या जलाशयांवर तो दिसतो. वाशीम जिल्ह्यात पैनगंगेचे पात्र आणि अडाण व एकबुर्जी हे जलाशय त्याला मानवणारे अधिवास आहेत. पाण्यावरून संथ उडत जाऊन तो अचानक सूर मारतो व मासा पकडतो. बेडकांची पिले आणि कीटकही त्याला चालतात.

वीण

मुख्यतः मार्च ते मे. वाळूच्या बेटावर उथळ खळगा हेच घरटे. त्यात काडीसुद्धा नसते. दोन-तीन ठिपकेदार अंडी वाळूत इतकी मिसळून जातात की चालणाऱ्याच्या पायाखाली यावीत. नर-मादी दोघेही अंडी उबवतात. भर उन्हात हे काम ऊब देण्यापेक्षा सावली धरण्याचेच असते. पोटाची पिसे पाण्यात भिजवून येऊन हे पक्षी अंडी थंड ठेवतात.

संकटे

वीण आणि वाळूउपसा यांचा हंगाम एकच, उन्हाळा. शिवाय धरणातून अवेळी पाणी सोडल्यास खालच्या पात्रातील घरटी वाहून जातात. उलट पाणी फार आटले तर बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री व कोल्हे चालत अंड्यांपर्यंत पोहोचतात. म्हणजे पाणी वाढले तरी नुकसान, घटले तरी नुकसान. नद्यांवर धरणे झाल्यापासून पाण्याची पातळी पावसाइतकीच माणसाच्या वेळापत्रकावर ठरते, आणि पक्ष्याला त्याचा अंदाज येत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ही जात आता ‘असुरक्षित’ गटात आहे. वाळूवरच घरटे करणारा काळ्या पोटाचा सुरय तर याहूनही अधिक धोक्यात आहे.