समुद्राकडे तोंड असलेली गावे



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण आज जमलो आहोत, ते इतिहास शिकविताना नकाशा आधी उलगडीत आणि सनावळी मागाहून सांगत. माजी विद्यार्थ्यांनी गोव्याहून अलिबागपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने सहल काढण्याचे योजिले आहे आणि तिचा आराखडा करण्याचे काम माझ्यावर सोपविले आहे. तो आराखडाच आजच्या व्याख्यानाचा विषय करण्याची आपली अनुज्ञा असावी.

पुष्कळ वर्षांपूर्वी असाच एक आराखडा मी केला होता. अंतरे मोजली, मुक्काम ठरविले आणि विद्यार्थ्यांना घेऊन भर दुपारी रेवदंड्यास उतरलो. माडांच्या वाड्यांत उभी असलेली तटाची भिंत पाहून एका मुलाने विचारले, “सर, एवढा मोठा कोट इथे कशाला बांधला?” मला धड उत्तर देता आले नाही. त्याचा प्रश्न बरोबर होता. चूक माझ्या वाटेची होती. आम्ही त्या गावात मागील दाराने शिरलो होतो.

कोकणकिनाऱ्यावरील जुनी बंदरे खाड्यांच्या मुखाशी वसली. सह्याद्रीचे घाट उतरून आलेला माल खाडीतून समुद्राला मिळे आणि समुद्रावरून आलेला त्याच वाटेने वर चढे. आज किनाऱ्याने जाणाऱ्या गाडीला प्रत्येक खाडी अडविते. पूल गाठण्यासाठी आत वळावे लागते किंवा फेरीबोटीची वाट पाहावी लागते. पण रस्त्याची जी अडचण, तेच बंदराचे भाग्य होते. म्हणून या खेपेस मी मुक्काम अंतराने ठरविलेले नाहीत; एका दिवसास एक खाडी, असा नेम धरला आहे.

पहिला दिवस आपल्याच गोव्याचा. झुआरीकाठचे गोपकपट्टण ही कदंबांची राजधानी आणि भरभराटीचे बंदर. तेथील जांभ्या दगडाच्या भिंतीचे अवशेष पाहायचे तर ओहोटीची वेळ साधली पाहिजे. स्वाऱ्यांनी ते नगर खचले, पात्र गाळाने उथळ झाले आणि व्यापार मांडवीकाठच्या एला गावी सरकला. तेच पुढे जुने गोवे झाले. १५१० साली पोर्तुगीजांनी ते जिंकले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना, नदीकाठी विजयाची कमान उभी राहिली. नवा व्हाइसरॉय धक्क्यावर उतरून तिच्यातून शहरात प्रवेश करी. आपण मात्र मोटारीने येऊन चर्चे पाहतो आणि पुष्कळदा त्या कमानीपर्यंत जातच नाही.

दुसरा दिवस वाघोटन खाडीच्या मुखावरील विजयदुर्गाचा. १७५६ साली समुद्रातून इंग्रज आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज चालून आली व तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. त्यात मराठ्यांचेच सागरी सामर्थ्य भस्म झाले, हे तटावरून खाडी न्याहाळताना मनाला बोचल्याखेरीज राहत नाही.

तिसरा दिवस वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळचा आणि चौथा कुंडलिकेच्या मुखावरील चौल-रेवदंड्याचा. रस्त्याने ही दोन निरनिराळी स्थळे. समुद्रावरून पाहिले तर एकाच कथेची दोन टोके. १५०८ च्या मार्चमध्ये चौलच्या लढाईत व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा पुत्र लोरेन्सो मारला गेला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सूडाने निघालेल्या बापाने वाटेत दाभोळ जाळले. रेवदंड्याचा कोट पोर्तुगीजांनी १५२१ पासून बांधला. १७४० साली तो मराठ्यांकडे आला. राज्य गेले, तट ढासळले. परंतु खाडीपलीकडच्या कोर्लई गावात पोर्तुगीजपासून घडलेली, मराठीच्या सहवासात वाढलेली एक बोली आजही घराघरांत बोलली जाते.

शेवटचा मुक्काम रेवदंडा-अलिबाग वाटेवरचे आक्षी. तेथील शिलालेख डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा ठरवून मराठीतील आद्य लेखाचा मान त्यास दिला. कालनिर्णयाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि आपल्या भाषेचा इतका जुना दगड दीर्घकाळ उघड्यावर उपेक्षित राहिला, याविषयी मतभेद नाही.

मित्रहो, अवशेष एका आघाताने नाहीसे होत नाहीत. जुन्या गोव्यातील संत ऑगस्टिनचा मठ १८३५ साली ओस पडला, १८४२ साली त्याचे छत कोसळले आणि मनोऱ्याचा निम्मा भाग १९३१ साली पडला. जवळजवळ शंभर वर्षे ती वास्तू लोकांच्या डोळ्यांसमोर ढासळत होती. येणारे-जाणारे होतेच, आपले म्हणून पाहणारे नव्हते.

तेव्हा आराखड्यातील अखेरची सूचना अशी : प्रत्येक गावी उतरल्यावर प्रथम पाण्याच्या काठी जावे, रस्त्याकडे पाठ करावी, आणि शिडे उभारून येणाऱ्या खलाशाला हे गाव कसे दिसत असेल ते मनाशी आणावे. मग गावाकडे वळावे. सोबत मुलांना अवश्य न्यावे. त्यांतील एखाद्याने “हे इथे कशाला?” असे विचारले, तर या वेळी निरुत्तर होण्याचा प्रसंग आपल्यावर येऊ नये, एवढीच माझी इच्छा. गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.